चर्चा मराठीत, इतिवृत्त कन्नडमध्ये

खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्या मराठी गावात ग्रामसभा भरली की बोलाचाली मराठीत होते आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) वहीत लिहितात ते कन्नडमध्ये. खाली सही करणाऱ्याला ‘वर काय लिहिलंय?’ हे शेजाऱ्याला विचारावं लागतं. सीमाभागात मराठीतून परिपत्रकांची मागणी वर्षानुवर्षं का होते, याचं उत्तर या वहीत आहे.

आपला कारभार आपण लिहून ठेवायचा, ही सवय जुनी. मराठेशाहीत गावचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे येई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत, निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निर्णयपत्र, तयार होई. अक्षरओळख नसलेला कुणबी नावापुढे नांगराची निशाणी करी. वाचता येत नसे, पण कुलकर्ण्याने वाचून दाखवलेलं कळत तरी होतं.

१८१८ नंतर कंपनीचं राज्य आलं, तरी या मुलखात कचेऱ्यांतून आणि शाळांतून मराठीचं वजन बराच काळ टिकलं. इथे आपणही जरा थांबून पाहावं: जिल्ह्यातल्या मोठ्या कन्नड वस्तीला तेव्हा तोच जाच होता, जो आज आपण सांगतो. इंग्रज अधिकारी वॉल्टर इलियट आणि पुढे शिक्षण खात्यातले डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांसाठी धडपड केली, ती त्यातूनच.

व्हाइसरॉय रिपनच्या स्थानिक स्वराज्याबद्दलच्या १८८२ च्या ठरावानंतर लोकल बोर्डं आली. पण खरा फेरा आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरकडे (आजच्या कर्नाटकाकडे) गेलं आणि १९५९ पासून पंचायतींना म्हैसूरचा कायदा लागू झाला. केंद्राने १९५६ मध्येच भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणं मान्य केली होती: जिथे त्यांची वस्ती १५ ते २० टक्के, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात. दुसरीकडे १९८१ साली स्थानिक संस्थांच्या कामकाजासाठी कन्नडचा राज्य कायदा झाला. या दोन कागदांच्या कात्रीत आमच्या पंचायती सापडल्या.

सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवलं. निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं सुचवलं. झालं काहीच नाही. म्हणून ठराव हेच शस्त्र झालं. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांना बेंगळुरात काळं फासलं गेलं आणि सरकारने महापालिकाच बरखास्त केली. तेव्हापासून शहरातली सभा विकासाची कमी, निष्ठेची जास्त झाली, असं माझं मत आहे.

कर्नाटकाचं श्रेय मात्र नाकारता येत नाही. १९८३ च्या कायद्याने मंडल पंचायतीत महिलांना २५ टक्के जागा दिल्या, पंचायतींत महिलांना देशभर आरक्षण देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी. आज राखीव वाटा निम्मा आहे.

पण गावाचं खरं ठरतं कुठे? बऱ्याच ठिकाणी देवळात, देवस्की पंचांच्या, म्हणजे देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत. लक्ष्मी यात्रा कधी भरवायची, वर्गणी किती, कुठले वार पाळायचे, हे सारं तिथे मराठीत ठरतं आणि तासाभरात दवंडी पिटली जाते. पंचायतीवर निवडून आलेली बाई मात्र त्या बैठकीला सहसा नसते.