ग्राहक संरक्षण (भारत)

पैसे मोजून वस्तू किंवा सेवा घेणाऱ्याची फसवणूक रोखणारी, आणि फसवणूक झालीच तर त्याला दाद मिळवून देणारी कायदेशीर व्यवस्था. भारतात तिचा मुख्य आधार 'ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९' हा आहे. जुलै २०२० मध्ये तो अमलात आला आणि १९८६ चा मूळ कायदा रद्द झाला. वजनमापे, अन्नपदार्थ, सोने, घरबांधणी यांचे कायदे वेगळे आहेत. पण 'ग्राहक कोर्टात खेचीन' असे माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हाच कायदा असतो.

बाजारात रुळलेला मराठी शब्द 'गिऱ्हाईक'. एखाद्याचे गिऱ्हाईक करणे म्हणजे चारचौघांत त्याची टर उडवणे. हा वाक्प्रचार जिथे जन्माला आला तिथल्या व्यवहाराबद्दल वेगळे काही सांगायला नको. चळवळीने आणि कायद्याने मात्र 'ग्राहक' हाच शब्द धरला.

१९३० च्या वस्तुविक्री कायद्यात माल पारखून घेण्याचा भार मुख्यतः घेणाऱ्यावर होता. फसलाच तर दिवाणी न्यायालय, वकील आणि कोर्ट फी. पन्नास रुपयांच्या इस्त्रीसाठी तिकडे कोण जाणार? टंचाईच्या, भेसळीच्या आणि साठेबाजीच्या त्या काळात १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिने निषेधाच्या सभांइतकाच भर एकत्रित खरेदीवर दिला. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र नोंदवायची, माल एका सभासदाच्या घरी उतरवून घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. ग्राहक संघटित झाला की दुकानदाराशी वेगळ्या आवाजात बोलतो, हे कायदा येण्याआधी दशकभर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांनी धान्य-साबणाच्या वाटपातून पाहिले होते.

१५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तिथल्या संसदेला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले. म्हणून तो दिवस जागतिक ग्राहक हक्क दिन. संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वे १९८५ ची. २४ डिसेंबर १९८६ रोजी भारताच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, त्यामुळे आपला राष्ट्रीय ग्राहक दिन त्या तारखेला असतो.

ग्राहक कोणाला म्हणावे. अनेक खटल्यांत पहिली झटापट याच प्रश्नावर होते. माल पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेणारा ग्राहक नाही. पण पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला शिलाई यंत्र घेणारी बाई ग्राहकच ठरते. वीस यंत्रे घेऊन कारखाना टाकणारा ठरत नाही. मुलाने घेतलेला मिक्सर आई त्याच्या संमतीने वापरत असेल तर तीही ग्राहक. पूर्णपणे विनामूल्य सेवा मात्र या कायद्यात बसत नाही. डॉक्टरांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या व्ही. पी. शांता प्रकरणात बारकाईने रेघ ओढली: सर्वांवर फुकट उपचार करणारे रुग्णालय कायद्याबाहेर, पण काही रुग्णांकडून पैसे घेणारे रुग्णालय असेल तर तिथला फुकट उपचार घेणारा रुग्णही तक्रार करू शकतो. वकिलांची सेवा मात्र या कायद्याखाली येत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. डॉक्टर आत आणि वकील बाहेर, यावर वैद्यकीय वर्तुळात कुरकुर झाली नसती तरच नवल.

हक्क. कायद्यात सहा हक्क आहेत: सुरक्षितता, माहिती, निवड, म्हणणे ऐकले जाणे, दाद मागणे आणि ग्राहक शिक्षण. यांतला रोज हाताशी येणारा हक्क माहितीचा. बंद पाकिटावर उत्पादक किंवा आवेष्टकाचे (माल पाकिटात भरणाऱ्याचे) नाव-पत्ता, निव्वळ वजन, तक्रारीसाठी संपर्क आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. या किमतीपेक्षा कमी घेतले तर हरकत नाही, जास्त घेता येत नाही. टपरीवर थंड बाटलीला 'कूलिंगचे' म्हणून वर मागितले जाणारे दोन-पाच रुपये बेकायदा असतात. हॉटेलात टेबलावर बसून मागवलेल्या पाण्याच्या बाटलीची गोष्ट वेगळी. तिथे सेवाही दिली जाते, म्हणून छापील किमतीहून जास्त घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले. सोन्याच्या दागिन्यावर आता सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असतो आणि तो मोबाइल ॲपवर तपासता येतो.

तराजूचे प्रकरण जुनेच. भाजीवाल्याच्या लोखंडी वजनाच्या भोकात शिसे भरलेले असते आणि त्यावर वैधमापन (वजनमापे तपासणाऱ्या खात्याच्या) निरीक्षकाची मोहोर उठवलेली असते. ती नसेल तर ते वजन नव्हे, नुसता लोखंडाचा तुकडा. 'दांडी मारणे' इलेक्ट्रॉनिक काट्याने संपले असे वाटते, पण मिठाईच्या दुकानात डोळे उघडे ठेवावेत. पेढे ६०० रुपये किलो आणि पुठ्ठ्याचे खोके ८० ग्रॅमचे असेल, तर खोक्यासकट तोललेल्या किलोत ४८ रुपये पुठ्ठ्याचे जातात. आधी रिकामे खोके काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगणे, एवढाच त्यावर उपाय. मागच्या रांगेतले लोक बघतात, बघू द्यावे.

पावती. ग्राहकाच्या जबाबदाऱ्यांची यादी कायद्यात नाही. ती चळवळीने घालून दिली. त्यातली एक मात्र प्रत्यक्षात कायद्याइतकीच वजनदार आहे, ती म्हणजे पक्के बिल घेणे. 'बिल पाहिजे का? मग जीएसटी लागेल' हे वाक्य ऐकले नाही असा खरेदीदार सापडणे कठीण. तिथे वाचवलेले पैसे पुढे वस्तू बिघडली की अंगावर येतात, कारण कच्च्या चिठ्ठीवर ना दुकानाचे नाव असते ना तारीख. बिल न देणे ही आता कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणे, हीदेखील. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी गल्ल्यामागे टांगलेली असली तरी सदोष मालाला ती लागू पडत नाही. नुसता रंग आवडला नाही म्हणून साडी परत करायची असेल तर ती दुकानदाराची मर्जी.

दाद. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून पाहता येते; बरीच भांडणे तिथेच मिटतात. पुढची पायरी म्हणजे ग्राहक आयोग, लोकांच्या बोलण्यातले 'ग्राहक कोर्ट'. डिसेंबर २०२१ पासून ५० लाख रुपयांपर्यंतचा मोबदला असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. इथे मोजतात ती प्रत्यक्ष दिलेली रक्कम, मागितलेली भरपाई नव्हे. विम्याचा हप्ता काही हजारांचा आणि नाकारलेला दावा ८० लाखांचा असला, तरी प्रकरण जिल्ह्यातच चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय म्हणजे ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. कंपनीचे कार्यालय बंगळुरूत असले तरी लातूरच्या माणसाला तिकडे जावे लागत नाही. वकील सक्तीचा नाही. महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांचे कितीतरी आदेश मराठीत निघतात. अर्ज ऑनलाइनही भरता येतो.

विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांनंतर आलेले उत्तर घेताच येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिले. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची चाचणी लागली तर पाच महिन्यांत लावावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि वर्षे जातात.

२०१९ च्या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही नेमले. ते एकेका ग्राहकाऐवजी सर्वांच्या वतीने कारवाई करते: दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाख, आणि जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीवरही बंदी येऊ शकते. ऑनलाइन खरेदीत नकळत टोपलीत टाकलेला विमा किंवा देणगी, खोटी 'दोनच नग शिल्लक' अशी घाई, अशा १३ क्लृप्त्यांवर नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली.

निकाल हाती आला म्हणजे पैसे आले असे नाही. जिल्हा आयोगाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते. तेही संपले आणि समोरच्याने पैसे दिले नाहीत, तर ग्राहकाला मूळ आदेश देणाऱ्या आयोगात वसुलीची दरखास्त (अर्ज) दाखल करावी लागते. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. थकवलेली रक्कम अनेकदा या तरतुदीखाली समन्स निघाल्यावर जमा होते.