ग्रामसभेत विषय मांडण्याची रीत: पात्रता, अर्ज, कागदपत्रे आणि ठरावाची नक्कल

ग्रामसभा झाल्यावर इतिवृत्ताची नोंदवही, म्हणजे गावात सगळे जिला ‘प्रोसिडिंग’ म्हणतात ती, उघडून पाहिली तर एक गोष्ट वारंवार दिसते. वस्तीवर आठ-आठ दिवस पाणी येत नाही म्हणून कोणीतरी उभे राहून तळमळीने बोललेले असते, सभेने माना डोलावलेल्या असतात, आणि वहीत मात्र ‘पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली’ एवढी एकच ओळ असते. त्या ओळीच्या आधारे खर्च टाकता येत नाही आणि कोणाला जाब विचारता येत नाही. ज्या विषयाचा लेखी अर्ज होता, जो विषयपत्रिकेवर आला आणि ज्यावर सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) यांच्या नावांसह क्रमांक असलेला ठराव झाला, त्याचाच पाठपुरावा पुढे करता येतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींमध्ये हे कसे करावे, याची माहिती येथे दिली आहे.

सभेत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क कोणाला

गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत, त्या सर्वांची मिळून ग्रामसभा होते. ७३व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून, तिला संविधानात स्थान मिळाले असून तिचे कामकाज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार चालते. सभासद होण्यासाठी वेगळा अर्ज नाही, शुल्क नाही आणि शिक्षणाची किंवा मालमत्तेची अटही नाही. घरपट्टी थकली असली तरी मतदाराचा सभेत बोलण्याचा हक्क जात नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण थकबाकीचे नाव काढून माणसाला गप्प बसवण्याचे प्रकार होतात.

अडचण येते ती यादीत नाव नसण्याची. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव वर्षानुवर्षे माहेरच्या यादीत राहते, आणि ज्या नळाच्या रांगेत ती रोज उभी असते त्या नळाच्या ठरावावर तिला मत नसते. तिने स्थलांतरासाठी नमुना ८ भरून द्यावा, तर १८ वर्षे पूर्ण केलेल्या नव्या मतदाराने नमुना ६ भरावा. नाव नोंदवण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (१८ वर्षे पूर्ण झाली का हे ज्या दिवशी मोजतात त्या तारखा) आहेत. यादीत नाव नसलेल्या रहिवाशाला, उदाहरणार्थ भाडेकरूला, ग्रामसभेत मत देता येत नाही; मात्र आपल्या अडचणीचा लेखी अर्ज ग्रामपंचायतीकडे देण्यास त्याला काहीही आडकाठी नाही.

मासिक सभा की ग्रामसभा

ग्रामपंचायतीची मासिक सभा निवडून आलेल्या सदस्यांची असते आणि ती दर महिन्याला व्हावी लागते. ग्रामस्थांकडून आलेल्या अर्जांचे वाचन हा तिच्या विषयपत्रिकेतील नेहमीचा विषय आहे. बंद पडलेला दिवा, तुंबलेले गटार, फुटलेली नळजोडणी अशी कामे तेथेच सुटतात, त्यासाठी तीन महिने ग्रामसभेची वाट पाहू नये. संपूर्ण गावाच्या पैशाचा, प्राधान्यक्रमाचा किंवा लाभार्थी निवडीचा प्रश्न असेल तर तो ग्रामसभेत न्यावा. विकासाच्या योजनांना आणि त्यांवरील खर्चाला मान्यता देणे हे अधिनियमाने ग्रामसभेकडे सोपवलेले काम आहे. अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून घोषित) क्षेत्रातील गावांना १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अशा क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा, आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू असल्याने तेथे पाडा-वस्तीची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि तिचे अधिकारही अधिक आहेत. खालील माहिती इतर गावांसाठी आहे.

आर्थिक वर्षात किमान ४ ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. त्या साधारणपणे १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी किंवा त्या सुमारास होतात. आर्थिक वर्षातील पहिल्या सभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल आणि लेखापरीक्षणातील शेरे व त्यांची उत्तरे ठेवावी लागतात, म्हणून हिशेबाबद्दलचा प्रश्न त्याच सभेला विचारावा. २ ऑक्टोबरपासून पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा आकाराला येऊ लागतो. नव्या कामाची मागणी आराखडा मंजूर झाल्यावर जानेवारीत केली, तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते उत्तर अनेकदा खोटेही नसते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. पाणी, शौचालय, अंगणवाडी आणि गावातील दारू यांविषयीचे अर्ज तेथे आधी मांडले, तर ग्रामसभेत बोलणारी बाई एकटी पडत नाही.

अर्ज कसा लिहावा

अर्ज साध्या कागदावर करावा, त्याला मुद्रांक लागत नाही. तो सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही जुनी पदनावे लोकांच्या तोंडी अजून आहेत) यांच्या नावे असावा. सभेची नोटीस निघाल्यावर दिलेला अर्ज ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या रकान्यात जातो, आणि तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून अर्ज सभेच्या किमान पंधरा दिवस अगोदर द्यावा, असा माझा आग्रह आहे.

आमच्या वस्तीवरच्या बंद हातपंपाचा विषय आम्ही दोन वर्षे तोंडीच मांडत राहिलो. प्रत्येक सभेत ‘बघू या’ म्हटले गेले आणि प्रोसिडिंगमध्ये त्याचा मागमूसही नव्हता. त्यानंतर केलेल्या अर्जाचा मजकूर साधारण असा होता: ‘शाळेमागील वस्तीतील हातपंप उन्हाळ्यापासून बंद असून तेथील २६ कुटुंबांना सुमारे अर्धा किलोमीटरवरून पाणी आणावे लागते. हातपंप दुरुस्त होऊ शकतो की नवी विंधन विहीर घ्यावी लागेल, याची तपासणी पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकाकडून एका महिन्यात करून घ्यावी व त्यानुसार येणारा खर्च पाणीपुरवठ्याच्या निधीतून करावा, असा ठराव घेण्यासाठी हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.’ यात जागा आहे, बाधित कुटुंबे आहेत, करायचे काम आहे, मुदत आहे आणि पैसा कोठून यावा हेही आहे. ‘पाण्याची सोय व्हावी’ एवढेच लिहिले असते तर ठरावही तेवढाच झाला असता: ‘पाण्याची सोय करावी’.

निधीचा उल्लेख करताना थोडी माहिती हाताशी ठेवावी. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांसाठी राखीव, होती व उरलेली ४० टक्के अबंधित. याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. आपल्या गावाचा मंजूर आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. तो पाहून लिहिलेल्या अर्जाला ‘निधी नाही’ असे मोघम उत्तर देणे कठीण जाते.

सोबत काय जोडावे

कायद्याने अर्जासोबत अमुकच कागद जोडा असे बंधन घातलेले नाही. आधार कार्डाची प्रत नाही म्हणून कोणी अर्ज परत करत असेल तर तो नकार लेखी मागावा. मतदार यादीतील अनुक्रमांक किंवा मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहिला की अर्जदाराची ओळख पुरते. बाकी कागद विषयाप्रमाणे ठरतात. पाण्याच्या तक्रारीला पाणीपट्टीची पावती आणि तारखेसह काढलेले छायाचित्र चालते, घराच्या नोंदीचा प्रश्न असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा (मतदार नोंदणीचा नमुना ८ वेगळा), उतारा लागतो, आणि रस्त्यावरील अतिक्रमणाचा विषय असेल तर गावठाणाचा नकाशा किंवा भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची प्रत जोडल्याशिवाय सभेत नुसती भांडणे होतात. बाधित कुटुंबांच्या सह्या किंवा अंगठे, प्रत्येकाच्या पूर्ण नावासह, स्वतंत्र कागदावर घ्यावेत.

अर्ज दोन प्रतींत न्यावा. एक प्रत कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का व सही घ्यावी. ही पोच जपून ठेवावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्याच आधारावर चढायची असते. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज टपालाने, पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने पाठवावा.

सभेच्या दिवशी

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर असावे लागतात. म्हणजे ४०० मतदारांच्या गावात ६० आणि ३,००० मतदारांच्या गावात १०० पुरतात. संख्या भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. गावाचे मोठे निर्णय पुष्कळदा या तहकूब सभांत वीस-पंचवीस माणसांत होऊन जातात, म्हणून तिची तारीख विचारून घ्यावी आणि तिला न चुकता जावे.

सह्यांचे रजिस्टर फिरते तेव्हा त्यावर सभेची तारीख लिहिलेली आहे का, हे आधी पाहावे. कोऱ्या पानावर सही करू नये, घरी आणलेल्या रजिस्टरवर तर नाहीच. सभेचा पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो. तो ‘वाचला, कायम’ असा अर्ध्या मिनिटात उरकला जातो, पण मागच्या ठरावांचे शब्द बरोबर उतरले आहेत की नाही हे तपासण्याची आणि चूक असल्यास हरकत नोंदवण्याची तीच जागा आहे. आपला विषय आल्यावर सूचक व अनुमोदक आधीच ठरवून ठेवलेले असावेत, ठरावाचा मसुदा कागदावर लिहून द्यावा, आणि मंजुरी सर्वानुमते झाली की बहुमताने हे वहीत लिहिले जाईपर्यंत बसून राहावे.

ग्रामपंचायतीच्या अखत्यारीबाहेरचे विषयही असतात. विजेच्या तारांचा महावितरणशी, रेशन दुकानाचा तहसील कार्यालयाशी, शाळेतील शिक्षकांच्या रिक्त पदाचा जिल्हा परिषदेशी संबंध येतो. अशा वेळी शिफारशीचा ठराव करून तो संबंधित कार्यालयाकडे किती दिवसांत पाठवायचा, हे ठरावातच लिहून घ्यावे. गावाच्या ठरावाचे वजन गावाबाहेरही पडते: कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले.

सभाच झाली नाही, किंवा ठराव पडून राहिला तर

पुरेशा कारणाशिवाय ठरलेल्या ग्रामसभा न घेणारा सरपंच अधिनियमाच्या कलम ७ नुसार पदावर राहण्यास अपात्र ठरू शकतो, आणि सभा न होण्यास सचिव, म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, जबाबदार आढळल्यास त्याच्यावरही शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. सभा झाली नसल्याची तक्रार गटविकास अधिकारी यांच्याकडे आणि तिची प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे द्यावी.

ठराव झाल्यावर त्याची नक्कल लेखी अर्जाने मागावी. ती मिळाली नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली ठरावाची, उपस्थितीच्या पानाची आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीच्या पत्रव्यवहाराची प्रत मागावी. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखल्याची प्रत जोडल्यास शुल्क माफ आहे, आणि छायाप्रतीला प्रतिपान २ रुपये पडतात. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढील तीस दिवसांत २० रुपयांच्या स्टँपसह पहिले अपील करावे आणि तेथेही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे. ठरावाची नक्कल हाती आली की ती जोडून पुढच्या ग्रामसभेसाठी ‘ठराव क्रमांक अमुकच्या कार्यवाहीचा अहवाल सादर करणे’ असा नवा अर्ज द्यावा आणि त्याचीही पोच घ्यावी. आमचा हातपंप तपासायला पथक आले ते अशा दुसऱ्या अर्जानंतर.