हवाई अंतर वेगळं, प्रवासाचा वेळ वेगळा

गणपतीच्या आधी दर वर्षी हाच हिशेब कानावर येतो: मुंबई ते मोपा (उत्तर गोव्यातला, तळकोकणाला जवळचा विमानतळ) 385 किलोमीटर, विमान ताशी 800 ने जातं, म्हणजे अर्ध्या तासात गावात. आणि त्या हिशेबावर गाडीवाल्याला वेळ दिली जाते. तो बिचारा तासभर उन्हात उभा.

अंतराचं फार सांगत नाही. सावंतवाडी हायवेने पाचशेच्या आसपास, हे सगळ्यांना पाठ आहे. हवाई अंतर म्हणजे नकाशावर दोरी ताणून मोजलेलं, त्यात घाट नाही की खाडीचा वळसा नाही. आकडा नॉटिकल मैलात (विमानं-जहाजांचा मैल) असेल तर 1.852 ने गुणा, किलोमीटर आले, संपलं.

घोळ होतो तो भागाकारात. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. तिथे रांगेत जाणारी मिनिटं उड्डाणाच्या वेळातच धरलेली असतात. उडाल्यावरही 10,000 फुटांखाली वेग साधारण ताशी 460 किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. मोपाचा प्रवास इतका लहान की विमान चढून सरळ होतं न होतं तोच उतरायला लागतं. तो 800 चा वेग मिळतो मधली थोडी मिनिटं. म्हणून तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास लिहिलेलं असतं, आणि ते बरोबर असतं.

दिल्लीशी ताडून बघा. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे 1,140 किलोमीटर, मोपाच्या जवळजवळ तिप्पट. वेळ मात्र सव्वादोन तासांच्या आत-बाहेर, म्हणजे दुप्पटही नाही. रांग, चढणं, उतरणं यांची मिनिटं दोन्हीकडे जवळपास तेवढीच लागतात, अंतराने वाढतो तो फक्त मधला तुकडा. अंतराला वेगाने भागून वेळ सांगणाऱ्या वेबसाइटी मला म्हणूनच अजिबात पटत नाहीत. जवळच्या प्रवासात तर त्या सरळ दिशाभूल करतात.



आता घर ते घर. डोंबिवलीहून कणकवलीला निघालात असं धरा. विमानतळ गाठायला दीड तास, तिथे दोन तास आधी हजर, उड्डाण सव्वा तास, सामान हातात यायला अर्धा तास, मग मोपाहून कणकवलीपर्यंत रस्ता दीड-दोन तास. सात तास सहज गेले. पावसाळी वेळापत्रक (पावसात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालवतात) नसताना वंदे भारत ठाण्याहून कणकवलीला साधारण सव्वापाच तासांत सोडते. कणकवलीकराने आणि त्याच्या उत्तरेच्या माणसाने विमानाच्या नादी लागू नये, हे माझं ठाम मत. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीवाल्यांनी मात्र मोपा जरूर धरावं. आणि गाडीवाल्याला तिकिटावरची पोचायची वेळ सांगा, वर अर्धा तास धरून.