कोल्हापूरच्या चित्रपटांतील स्त्रीप्रतिमा

कोल्हापुरातल्या कंपन्यांनी आणि त्यांत तयार झालेल्या दिग्दर्शकांनी पडद्यावर मांडलेली बाई, आणि तिच्यात होत गेलेला बदल.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणाऱ्या बाबूराव पेंटर यांनी ‘सैरंध्री’साठी (१९२०) गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना कॅमेऱ्यापुढे आणले; पडद्यावर त्या कमलादेवी व सुशीलादेवी झाल्या. जातीने वाळीत टाकल्यामुळे दोघींना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. कोल्हापुरातल्या पुढच्या नटींची वाट या दोघींनी मोकळी केली, हे विसरता कामा नये. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग टिपता येत नसे. कपाळावरचे कुंकू पडद्यावर काळे उमटे.

बोलपटाने नटीकडे गळाही मागितला. पार्श्वगायन नव्हते; वादक चौकटीबाहेर बसत आणि नटी अभिनय करता करताच गाई. सूर चुकला की सगळा शॉट पुन्हा. कोल्हापुरातच सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी-हिंदी दोन्हींत निघाल्याने ही मेहनत दुप्पट झाली. त्यात दुर्गा खोटे सोसणारी तारामती होत्या. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये मात्र स्त्रीराज्याची राणी, शेजारी चित्ता. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. म्हाताऱ्याशी लावलेले लग्न मनाने कधीच न स्वीकारणारी ‘कुंकू’मधली नीरा (१९३७) तिथली, पण ती घडवणारे व्ही. शांताराम कोल्हापूरचेच.

भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’मध्ये (१९६५) जयश्री गडकर लोहाराच्या भट्टीपाशी राबणारी बायको रंगवतात, तिच्या कष्टाला तिथे मान आहे. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) तुफान चालला आणि तमाशापटांची लाट आली. नऊवारी, घुंगरू, फड: ही बाई कमावती, तोंडाची फटकळ, चारचौघांत पुरुषाला गप्प करणारी. फसगत होते ती शेवटच्या रिळात. तिला मरावे लागते, त्याग करावा लागतो, नाहीतर कुणाची तरी सून होऊन पदर सावरावा लागतो. सहकुटुंब येणाऱ्या प्रेक्षकाला लावणी हवी होती, लावणी गाणारी घरात नको होती.

म्हणून नायिका काय नेसते, किती बोलते यावरून काळ बदलला असे ठरवू नये. शेवटचा निर्णय कुणाचा, ते पाहावे. हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही, हे कोल्हापूरबाहेरच्या पुढच्या मराठी चित्रपटांतही दिसते. ‘उंबरठा’तली सुलभा (१९८२) घर सोडून नोकरीला जाते, आणि नऊ वर्षांनी ‘माहेरची साडी’ सासुरवास सोसणाऱ्या सुनेवर गर्दी खेचते. यल्लम्मा देवीला वाहिलेल्या मुलीची कथा सांगणाऱ्या ‘जोगवा’त (२००९) शेवटी जोगतीण आणि जोगता दोघेही ते बंधन झुगारून देतात.