फेलोशिप की आरए? आधी पैसा कोणाच्या नावावर ते विचारा

पीएचडीची तोंडी परीक्षा झाली की घरी पहिला प्रश्न येतो, "मग आता नोकरी कधी?" "पोस्टडॉक करतोय", म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, एवढं उत्तर घरच्यांना पुरतं. आपल्याला पुरू नये. विद्यापीठात या एकाच शब्दाखाली दोन जागा खपतात: एक फेलोशिप आणि दुसरी प्रकल्पातली रिसर्च असोसिएटची, म्हणजे आरएची.

फेलोशिप तुमच्या नावावर येते. प्रस्ताव तुम्ही लिहायचा, मार्गदर्शक तुम्ही शोधायचा, त्यांचं संमतिपत्र मिळवायचं आणि निकालाकडे डोळे लावून बसायचं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने जाहीर केलेली फेलोशिप याच जातीची. जाहीर झाली तेव्हा ९०० जागा होत्या, महिन्याला ५० हजार रुपये आणि वरखर्चाला वर्षाकाठी ५० हजार.

आरएची जागा मात्र सरांच्या किंवा मॅडमच्या प्रकल्पाची. डीएसटी (केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग), डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) यांसारख्या संस्थेने पैसा त्यांना दिलेला असतो. विषय ठरलेला, यंत्रं आलेली, तुम्ही फक्त कामाला लागायचं. जाहिरात, मुलाखत आणि रुजू! आरएच्या तीन पायऱ्या असतात. केंद्राच्या २०२३च्या दरांनुसार आरए-१ला ५८ हजार, आरए-२ला ६३ हजार आणि आरए-३ला ६७ हजार रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. म्हणजे मान फेलोशिपला जास्त, पण महिनाअखेरीस आरएचा खिसा जड असू शकतो. (दोन्हीकडे पैसे वेळेवर येतील, असं मात्र कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.)

आणखी एक गोम आहे. आरएला पीएचडी लागतेच असं नाही. एमटेक किंवा एमफार्मनंतर ३ वर्षांचा अनुभव आणि एससीआय (संशोधन नियतकालिकांची मान्यताप्राप्त यादी) जर्नलमध्ये एक पेपर असला, तरी ती व्यक्ती पात्र ठरते. म्हणून बायोडेटात नुसतं 'आरए' लिहू नका. ते काम पीएचडीनंतरचं आहे हे तारखांसकट दिसू द्या.

विषयागणिक चित्र बदलतं. रसायनशास्त्र, जीवशास्त्रात आरएच्या जाहिराती सतत निघतात, कारण तिथे प्रकल्प आणि प्रयोगशाळा आहेत. मराठी किंवा इतिहासवाल्यांना मोठे प्रकल्प क्वचितच मिळतात. त्यांच्यासाठी यूजीसी किंवा आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) फेलोशिप हेच मुख्य दार. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) तर पोस्टडॉकला 'व्हिजिटिंग फेलो' म्हणतात. नाव वाचून तो पाहुणा आहे असं समजू नका.

माझं मत विचाराल तर स्वतःचा प्रश्न डोक्यात पक्का असेल तर फेलोशिपची वाट पाहावी, नवं तंत्र शिकायचं असेल तर आरए व्हावं. पण आरएच्या मुलाखतीत प्रकल्प कधी संपतोय हे विचारायला लाजू नका. प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. मी लाजलो होतो. रुजू झाल्यावर कळलं, सातच महिने उरले होते.