पटाशीचा उतार आणि पटाशीची धार: ग्राइंडर कधी, दगड कधी

हार्डवेअरच्या दुकानातून दोनशे-तीनशे रुपयांची नवी पटाशी आणली, पाइनवुडच्या फळीवर चालवली आणि लाकूड कापलं जाण्याऐवजी चुरडलं, की सुतारकाम नव्याने शिकणारा माणूस वैतागून म्हणतो, स्वस्तातला माल, बोथट निघाला. त्या पटाशीवर हा अन्याय आहे. कारखान्यात तिला उतार काढून दिलेला असतो, धार लावून दिलेली नसते. ती आपण लावायची असते. नावाजलेल्या कंपन्यांच्या महागड्या पटाश्याही कामाला घेण्याआधी दगडावर न्याव्या लागतात.

उतार काढणं आणि धार लावणं ही दोन निराळी कामं आहेत. ग्राइंडरवर किंवा भरड दगडावर पातं झिजवून त्याला ठरावीक कोन देणं हे पहिलं, म्हणजे ग्राइंडिंग. त्या उताराचं टोक पात्याच्या सपाट पाठीला जिथे मिळतं ती रेघ बारीक दगडावर गुळगुळीत करत नेणं हे दुसरं, म्हणजे होनिंग. दोन्हीत पोलाद झिजतं, दोन्हीनंतर पातं चकाकतं, म्हणून नवख्याला फरक दिसत नाही. मग होतं असं, की जिला फक्त दगडाची गरज आहे ती पटाशी ग्राइंडरला लावली जाते, आणि जिच्या धारेला खांडा पडलाय ती तासन् तास बारीक दगडावर घासली जाते. पहिलीचं पोलाद वाया जातं, दुसरीवर आपला जीव.

धार म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना मिळतात ती रेघ. ते पृष्ठभाग जितके गुळगुळीत, तितकी ती रेघ अखंड. 80 नंबरच्या चाकाचा कण साधारण 0.2 मिलिमीटरचा असतो. तो पोलादावर जे ओरखडे पाडतो ते थेट धारेपर्यंत जातात आणि धार दातेरी होते. 1000 नंबरच्या दगडाचा कण सुमारे 15 मायक्रॉनचा, म्हणजे दहापटीहूनही बारीक. चामड्याच्या पट्ट्यावर लावतात त्या हिरव्या पॉलिशमधला क्रोमियम ऑक्साइडचा कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो. नुसतं ग्राइंडिंग केलेली पटाशी लाकडाचे धागे कापत नाही, ती ते फाडते. रेषांच्या दिशेने मारली तर चालल्यासारखी वाटते. रेषा आडव्या कापायला घेतल्या, किंवा फळीच्या डोक्याकडून तासायला घेतलं, की खरं कळतं.

सायकलवर चाक बसवून दारोदार फिरणारा धारवाला सुरी-कात्री फिरत्या चाकावर धरतो. भाजी चिरायला ती दातेरी धार उपयोगी पडते, टोमॅटोच्या सालीला तर बरीच. पण त्याच्याकडे पटाशी देऊ नका. एक तर तो शेवटची बारीक धार लावत नाही. दुसरं म्हणजे सवयीने तो पातं दोन्ही बाजूंनी चाकाला लावतो, आणि पटाशीच्या पाठीला फिरतं चाक कधीच लागता कामा नये. पाठीवर पडलेला खळगा थेट धारेलाच भिडतो आणि तो काढायचा तर अख्खी पाठ तितकी खाली आणावी लागते.

ग्राइंडरचा मोठा धोका उष्णतेचा आहे. पटाशीच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केलेलं असतं, आणि नंतर बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. आपल्याकडच्या सहा इंची बेंच ग्राइंडरचं चाक मिनिटाला सुमारे 2850 फेरे घेतं. धारेपाशी पातं इतकं पातळ असतं की आलेली उष्णता शोषून घ्यायला तिथे पोलादच उरलेलं नसतं. साध्या कार्बन पोलादावर 230 अंश सेल्सिअसच्या सुमारास गवती पिवळा रंग येतो आणि 300 च्या आसपास निळा. निळा डाग दिसला की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. पुढे कितीही महाग दगड वापरा, तिथली धार चार ठोक्यांत मुडपते. डाग पुसला तरी पोलाद मऊच राहतं, तेवढा भाग पूर्ण झिजवून टाकण्यावाचून इलाज नाही. म्हणून पातं चाकाला टेकवायचं ते क्षणभर, दाब न देता, आणि उघडं बोट धारेच्या जवळ ठेवून. बोटाला चटका बसायच्या आत पातं पाण्यात बुडवायचं. करड्या चाकापेक्षा पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक कमी तापवतं, कारण त्याचे कण लवकर तुटून नवे धारदार कण वर येतात. डोळ्यांना चष्मा हवा, हातमोजे मात्र नकोत, आणि पातं टेकवायचा ग्राइंडरचा टेकू चाकापासून 3 मिलिमीटरपेक्षा लांब नको.

इतकं वाचून धास्ती वाटली असेल तर बरंच आहे, कारण नवशिक्याला ग्राइंडर घ्यायची गरजच नाही. काचवाल्याकडून 8 किंवा 10 मिलिमीटर जाडीच्या काचेचा तुकडा आणा, किंवा ओट्याच्या कामातून उरलेला ग्रॅनाइटचा पॉलिश केलेला तुकडा मागून घ्या. त्यावर 80 किंवा 120 नंबरचा सँडपेपर चिकटवला की उतार काढायचं काम हातानेच होतं. वेळ लागतो, पण पोलाद जळत नाही. त्याच काचेवर पुढे 400, 800, 1500, 2000 नंबरचा वॉटर पेपर लावून धारही लावता येते. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात हे पेपर सुटे मिळतात. वर्षभर पुरेल असं हे सगळं सामान एका बऱ्या पटाशीच्या किमतीत बसतं. पेपर सतत बदलावा लागायला लागला की मगच दगडाकडे वळा.

आता कोन. साधारण कामाच्या पटाशीला 25 अंशांचा उतार काढतात. कोनमापक नसला तरी अडत नाही. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर तो 30 अंश. जाडीच्या 2.4 पट असेल तर जवळजवळ 25. म्हणजे 4 मिलिमीटर जाड पात्याचा उतार साडेनऊ मिलिमीटर भरला की झालं. हा हिशेब पट्टीने होतो. पातं अडकवून छोट्या चाकावर ढकलायचं साधं होनिंग गाइड घेतलंत तर तेही सोपं आहे. दोन बाजूंनी पातं पकडणाऱ्या त्या स्वस्त गाइडमध्ये पटाशी 40 मिलिमीटर पुढे काढली की 25 अंश मिळतात, 30 मिलिमीटर काढली की 30 अंश. लाकडाच्या फळीवर दोन ठोकळे मारून ही मापं कायमची करून ठेवावीत.

धार लावायची सुरुवात उताराकडून नाही, पाठीकडून होते, आणि नवे लोक नेमकं हेच टाळतात. टोकाकडची दोन-तीन सेंटिमीटर पाठ दगडावर पूर्ण टेकवून, ओरखडे एकसारखे दिसेपर्यंत घासायची. नव्या पटाशीवर लाखेसारखा थर असतो, तो आधी थिनरने काढावा, नाहीतर तोच दगडाच्या छिद्रांत भरतो. स्वस्त पटाशीची पाठ घासताना पहिल्या वेळी हात भरून येतात. पण हे काम एका पटाशीला आयुष्यात एकदाच. त्यानंतर उतार दगडावर धरायचा आणि पाठीकडे बारीक कड उलटेपर्यंत घासत राहायचं. ती कड डोळ्यांना क्वचित दिसते, पण पाठीवरून टोकाकडे अंगठा हलकेच सरकवला की खरखर लागते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती पात्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अखंड आली नसेल तर पुढच्या नंबरवर जायचं नाही. बहुतेकांची धार इथेच बिघडते. बर आली नाही म्हणजे दगड अजून धारेपर्यंत पोहोचलेलाच नाही, मग 2000 नंबरवर कितीही घासा, चकाकी येते ती मागच्या उताराला. बर आली की नंबर बारीक करत जायचं, प्रत्येक वेळी शेवटी पाठ सपाट टेकवून दोन-चार हात मारायचे, आणि सगळ्यात शेवटी हिरवं पॉलिश लावलेल्या चामड्यावर पातं मागे ओढायचं. पाठ घासताना मूठ जराही वर उचलू नका. रंध्याच्या पात्याखाली पातळ पट्टी ठेवून पाठ किंचित उचलायची एक युक्ती आहे, ती रंध्यापुरतीच ठेवा. पटाशीची पाठ हाच तिचा मार्गदर्शक असतो. खाचेच्या भिंतीला ती सपाट टेकते म्हणून भिंत सरळ निघते.

ही दोन कामं एकमेकांना मिळतात ती उताराच्या टोकाला. 25 अंशांचा संपूर्ण उतार दर वेळी बारीक दगडावर चकचकीत करत बसायचं कारण नाही. गाइडमध्ये पटाशी 30 अंशांवर धरायची आणि फक्त टोकाकडची केसभर पट्टी घासायची. ही छोटी उतरण दहा-बारा हातांत तयार होते. दर वेळी धार लावताना ती थोडी रुंद होत जाते. ती दोन मिलिमीटरच्या पुढे गेली की दगडावर वेळ लागायला लागतो, आणि मग पुन्हा ग्राइंडर किंवा 80 नंबरचा पेपर घेऊन 25 अंशांचा मूळ उतार वर आणायचा. घरगुती कामात ही पाळी फार क्वचित येते. दगडावर मात्र काम चालू असताना दर अर्ध्या-पाऊण तासाने जायला हवं. सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते. प्लायवुडमधला गोंद त्याहून वाईट. हात जड पडू लागला, तासलेल्या जागेची चमक गेली, की थांबून दगड घ्या.

मग ग्राइंडिंग केव्हा? धारेला डोळ्यांना दिसणारा खांडा पडला असेल, पटाशी फरशीवर पडून कोपरा उडाला असेल, धार गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) लावल्यावर तिरकी दिसत असेल, किंवा कोनच बदलायचा असेल तेव्हा. शिसव, बाभूळ अशा कठीण लाकडात हातोड्याने मारायची पटाशी 35 अंशांपर्यंत नेतात, नाहीतर टोक तुटतं. बाकी सगळ्या वेळी दगडच. शंका आली तर धार खिडकीच्या उजेडाकडे धरून समोरून बघा. बोथट जागा पांढऱ्या रेघेसारखी चमकते. खरी धार उजेड परत देत नाही, ती दिसतच नाही. मोठा खांडा असेल तर त्या रेघेत खाच दिसते, आणि ती खाच ग्राइंडरचं काम सांगते.

दुकानात मिळणाऱ्या दुहेरी कार्बोरंडम दगडाबद्दल एक सांगायलाच हवं. तो घरात असणं चांगलंच, पण त्याच्या दोन बाजू म्हणजे ही दोन कामं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. त्याची बारीक बाजूसुद्धा पटाशीला शेवटची धार देण्याइतकी बारीक नसते. त्याला भरड कामाचा दगड समजा आणि पुढचं वॉटर पेपरवर किंवा 1000 नंबरच्या वरच्या दगडावर करा. दगड मधोमध खोलगट झाला असेल तर आधी काचेवरच्या भरड पेपरवर तो सपाट करून घ्या. खोलगट दगडावर पाठ कधीच सपाट होत नाही.

पटाशी विकत घेताना ही वाटणी डोक्यात असली की निवड सोपी होते. दगड आणि ग्राइंडर जे सुधारू शकतात त्याकडे दुकानात बघूच नका: बोथटपणा, थोडा चुकलेला कोन, उतारावरचे ओरखडे. ते जे सुधारू शकत नाहीत ते बघा. लोखंडी पट्टी पाठीवर उभी धरा. मधे किंचित पोकळ असेल तर चालेल, ती पाठ दोन टोकांवर स्थिर टेकते. मधे फुगीर असेल तर ठेवून द्या, दगडावर ती डोलते. पातं पीळ पडलेलं नको. मूठ पात्याच्या सरळ रेषेत हवी. हातोड्याने मारणार असाल तर मूठ चांगल्या प्लास्टिकची किंवा कडी बसवलेली हवी, साध्या लाकडी मुठीवर लाकडाची मोगरीच मारा. पात्यावर क्रोम व्हॅनेडियम लिहिलेलं असतं, त्यावरून पोलादाला पाणी नीट दिलंय का हे कळत नाही. ते घरी कळतं: धारेजवळच्या कडेवर कानस फिरवा. कानस घसरत असेल तर पोलाद कडक आहे. ती सहज खात असेल तर ही पटाशी रंगाचे डबे उघडायला ठेवा.

सहा किंवा आठ नगांचा संच घेण्याचा मोह टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन सूत, चार सूत आणि सहा सूत, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण इंच, एवढ्या तीन पटाश्यांत खाच, जोड आणि बिजागरीची जागा सगळं होतं. उरलेल्या पैशांत दगड घ्या. पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुट्या पटाश्या हाताळून निवडू देतात. जुन्या बाजारात गंजलेलं पण जाड पातं मिळालं तर तेही बघा. गंज उतारावर असेल तर ग्राइंडिंगमध्ये जातो. पाठीवर धारेच्या पहिल्या सेंटिमीटरभरात गंजाचे खोल टोचे असतील तर मात्र नको, कारण धार झिजत मागे सरकली की ती नेमकी त्या टोच्यांवर येते.