दहा हजारांच्या आतली भाषा

मराठीच्या अभिजात दर्जाचे पेढे ऑक्टोबर २०२४ मध्ये वाटले गेले, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक भाषा जेमतेम दोन-अडीच हजार माणसांच्या तोंडी होती. निहाली. जळगाव जामोद तालुक्यातल्या जामोद, सोनबर्डी अशा मोजक्या गावांतली. जगातल्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं आजवर सिद्ध झालेलं नाही.

घोळ नावापासूनच आहे. बोलणारे स्वतःला ‘काल्टो’ आणि भाषेला ‘काल्टोमंडी’ म्हणतात. ‘निहाल’ किंवा ‘नहाल’ हे जमातीचं नाव, आणि त्यातल्या पुष्कळांच्या घरात आता कोरकू नाहीतर निमाडी ही शेजारची भाषा चालते. म्हणजे जमात मोजली तरी भाषा मोजली जात नाही. त्यातून राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल येतात तेही कोरकूंच्याच नोंदीत. इंग्रजी अमलातल्या भाषा-सर्वेक्षणानेही १९०६ च्या खंडात ही भाषा कोरकूच्या पदरात टाकली होती. त्यात नवल नाही. ‘एक’ला ‘बिदुम’ हा तिचा स्वतःचा शब्द, दोन ते चार द्राविडी वळणाचे, पाचापासून पुढे हिंदी-मराठी. ऐकणाऱ्याला आपलेच शब्द आधी ऐकू येतात. जवळपास पाव शब्दसंग्रह कुठेच जुळत नाही, हे १९६२ च्या एका अभ्यासात मांडलं गेलं.

खरी मेख १९७१ ची. लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, ही जनगणनेची व्याख्या चांगलीच आहे. १९६१ ला तिच्या आधारे १,६५२ मातृभाषा छापल्या गेल्या. पुढच्या खेपेला ठरलं की दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलत असतील तर नाव छापायचं नाही. कारभाराची सोय म्हणून याचं समर्थन करता येतं, मला ते पटत नाही. २०११ ला लोकांनी १९,५६९ नावं सांगितली. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या, त्यांच्या १२१ भाषा झाल्या. बाकीच्या ‘इतर’.

गंमत म्हणजे २०१३ मध्ये केंद्राने लुप्तप्राय भाषांसाठी योजना काढली, तीही दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्यांसाठीच. ज्या आकड्याने नाव गाळलं, त्याच आकड्यावर आता ध्वनिमुद्रण आणि शब्दकोश.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, हे घटनेत १९५६ पासून आहे, अनुच्छेद ३५०-क. सोनबर्डीच्या मुलाच्या हातात पहिलीत पडतं ते मराठीचं पुस्तक.